काड्यांची रांग

ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्यांची चौकशी आधी करतो. ती राहिली तर तू पुढचं वाचणार नाहीस. भाचा नीट बघतो ना? (बघत असणारच. उगाच विचारलं.) मी बरा आहे. एकट्यापुरता स्वयंपाक जमतो. मीठ तेवढं कधी दोनदा पडतं.

भाच्याकडे राहायला जाताना तू म्हणालीस, "फुलं आली की कळव, मी येते." तेव्हापासून दर पत्रात तू झाडांचं विचारतेस आणि मी 'ठीक' लिहितो. आता खरं लिहितो.

थंडी सरता सरता तुझी शेवंती वरून वाळली. खाली मुळं जिवंत असतात, दरवर्षी आपली आपण येतात, हे तू सांगितलं होतंस आणि प्रत्येक झाडाच्या जागी एक काडी रोवली होतीस. पण ताई, त्या काड्या कशाही रोवलेल्या होत्या. चाळीस वर्षं मी इमारतींचे नकाशे काढले. खिडकीतून रोज तो गोंधळ बघवेना. एका रविवारी दोरी ताणून मी सगळ्या काड्या उपटल्या आणि वीतवीत अंतरावर सरळ रेषेत रोवल्या. (रेषा अजून सरळ आहे.)

मग नेमाने काड्यांना पाणी घातलं. काडी सोडून जे उगवलं ते तण, असं धरून मुळासकट उपटलं आणि मागच्या पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकलं. चिवट होतं, पुन्हा पुन्हा यायचं. मीही चिवट. शेजारच्या नर्सबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, या काड्या कोण लागतात तुमच्या?" म्हटलं, बहिणीच्या आहेत. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आणि हातात आहे ती शेवंती कुणाची?"

आता वाफ्यात बारा काड्या आहेत, बाकी काही नाही. घरातही साधारण तसंच. तुझी खुर्ची भिंतीला अगदी समांतर लावून ठेवली आहे.

तिथे तुला आराम आहे. फुलं नाहीत, तेव्हा घाई करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझा गुडघ्याचा पट्टा कपाटामागे सापडला. पाठवत नाही. इथेही लागेल.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी कचरा टाकायला मागे गेलो. ढिगावर शेवंती फुलली आहे. पिवळी, वाट्टेल तशी, दोन फुलं एका ओळीत नाहीत. मी हात लावलेला नाही.

फुलं आली की कळव, म्हणाली होतीस. कळवलं.