मधमाश्यांना सांगायचं राहिलं

प्रिय एडमंड,

लंडनहून तुझं कवितांचं पुस्तक आलं. बाबा गेले त्या सकाळी तू तळ्याकाठी बसलास आणि डोंगरांनी तुझं सांत्वन केलं म्हणे. छान लिहिलंयस.

पण आईने तुला तळ्यावर नाही, परसात पाठवलं होतं. "मधमाश्यांना सांगून ये, धनी गेले म्हणून. नाहीतर रुसून उडून जातील." तू विसरलास. आठवड्याभरात त्यांच्या पोळ्यांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. ते काम माझं होतं, असं तू बेधडक सांगितलंस आणि मार मी खाल्ला. ते कवितेत नाही.

परवा आई गेली. या वेळी मधमाश्यांना मीच सांगितलं. तुलाही सांगायला बसले होते, पण हे पत्र टाकणार नाही. तू लगेच कविता करशील.

तुझी बहीण,
टॅम्सिन