कपाट उचललं त्या दिवशी

१४ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या भावोजींचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघा गप्प बसला की ते स्वतः. माझ्याकडे शिवायला कपडे भरपूर येतात. आतल्या खोलीत कपाट छान बसलंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. लावून घेतलेले केस पुढे छान उगवलेत म्हणाली. मागे मात्र, जिथली कातडीची पट्टी त्या केसांसाठी कापून घेऊन टाके घातले होते, तिथला व्रण बोटभर रुंद झालाय. डॉक्टरांनी विचारलं, "जखम ओली असताना काही जड उचललं होतं का?" तू सरळ नाही म्हणालास. मग ते म्हणाले, तुमची कातडीच ताणणारी दिसते, पुन्हा शिवून उपयोग नाही. तेव्हापासून तू घरातही टोपी काढत नाहीस.

तू नाही का म्हणालास ते मला कळलं. ताईवर बोल यायला नको. ताईला बिचारीला ऑपरेशनचं काय ठाऊक?

ढब्बू, मला ठाऊक होतं.

ऑपरेशननंतर तू इकडे आलास, त्या दुपारी तुझा डोळा लागला आणि टोपी सरकली. मी टाके पाहिले. माझा जन्म शिवणीत गेला. ताजी शिवण ताणायची नसते, हे मला कोणी सांगायला नको. पण राग आला. मला सांगितलं नाहीस याचा, आणि त्याहून जास्त, बाबांसारखं पडलेलं टक्कल झाकायला निघालास याचा. बाबा गेल्यापासून तू पेपर वाचत बसलास की मला क्षणभर तेच बसलेत असं वाटायचं. तेवढंही तू पुसायला निघालास, असं मी मनाला लावून घेतलं.

संध्याकाळी मी म्हणाले, "हे कपाट आत घेऊ या. तू खालून धर." भावोजी हमाल बोलवत होते, मीच नको म्हणाले. वाटलं, आता तरी बोलशील. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि वाकलास. कपाट ठेवलंस तेव्हा कॉलरवर रक्त होतं.

"कुठेतरी खरचटलं वाटतं," तू म्हणालास.

"हो, वाटतं," मी म्हणाले, आणि तुझा शर्ट धुवायला घेतला.

तुला सांगता आलं नाही, मला विचारता आलं नाही. दोघंही बाबांचीच.

आता हट्ट सोड. डॉक्टरांना कपाटाचं सांग. दोष कातडीचा नसेल तर ते कदाचित पुन्हा शिवतील. सांगायला जड जात असेल तर हे पत्रच त्यांच्यापुढे ठेव. माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण नवे टाके सुकल्यावर. आणि इथे आलास की टोपी काढून बस. मला तो व्रण नीट बघायचाय.

तू वाकलास तेव्हा जिने "थांब" म्हणायला हवं होतं, ती

तुझी ताई