तुझ्या पानातले खेकडे

माय, पित्रपंधरवड्यात मी दरसाल तुझ्या नावानं पान वाढते. खीर, वडे, कढी, भजी. खिरीला तू “बिनदातांचं खाणं” म्हणायचीस, हे मी विसरलेले नाही. आपल्या आंध आदिवासींच्या घरात मेलेल्या माणसाच्या जिभेला काय रुचायचं ते आठवून पान वाढायचं, ही तुझीच शिकवण. पण कळमनुरीतल्या आमच्या गल्लीत पित्राला खीरच करतात, म्हणून मीही करते. चार लोकांसारखं राहायचं एवढंच मी शहाणपण कमावलं.

मी लहान असताना उन्हाळ्यात मोहफुलं आणि डिंक वेचायचा, पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानातली हळद निंदायची, आणि परतताना ओढा. तू वाकतेस, दगड हळूच उचलतेस, हात आत घालतेस आणि खेकडा पाठीकडून धरून बाहेर काढतेस. मलाही एक सापडतो, चांगला मोठा. मी नाचत दाखवते. तू तो उलटा करतेस, पोटाखाली बारीक पिल्लं वळवळत असतात. पाठीत एक धपाटा बसतो. “सोड तिला. लेकुरवाळी हाय. हिला खाल्लं तर फुडल्या साली काय खाशील?” त्या दिवशी आपण रानात फुकट उगवणाऱ्या तरोट्याच्या भाजीवर भागवलं होतं. तरोटा मी आता कुणासमोर खात नाही.

यंदा पित्राच्या दिवशी सकाळीच मावशी आली, तुझी धाकटी बहीण. हातात झाकणाला भोकं पाडलेला डबा. “अक्काला खीर कवा आवडली व्हती? खेकडे आणलेत. समदे नर हायेत, बघून घेतले.” माझ्या शाळेतल्या दोन बाई जेवायला यायच्या होत्या आणि त्यांच्याकडं या दिवशी कांदासुद्धा चिरत नाहीत. “तोंड काहून पाडून राहिलीस?” म्हणत तिनं मागच्या पडवीत शेगडी मांडली. मी मिक्सर देऊ केला, पण तिनं बारके पाय खलबत्त्यातच कुटले, गाळले आणि तो रस रश्शात सोडला. वास थेट तुझ्या चुलीचा.

बाई आल्या. एकीनं नुसतं वर पाहिलं, तर चोराच्या मनात चांदणं, मीच घाईनं बोलले, “शेजारी काहीतरी शिजतंय.” मावशी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला. “व्हय बाई, शेजारचंच हाय,” म्हणाली आणि मागं निघून गेली. पाहुण्यांनी खीर मागून मागून खाल्ली. मी हसत वाढत राहिले. मला माझीच किळस येत होती.

त्या गेल्यावर मागं आले, तर मावशी न जेवता बाळापूरच्या गाडीनं निघून गेली होती. पातेल्यावर ताट झाकलेलं. तुझ्या पानातली खीर काढून रस्सा वाढायचा म्हणून मी पातेलं उघडलं. आधी चव घ्यावी म्हणून एक नांगी फोडली. मग दार लावलं, खाली बसले आणि दोन्ही हातांनी खात सुटले. रडत होते, पण खाणं थांबत नव्हतं.

मावशीला अजून फोन केलेला नाही. तिला काय सांगू? माय, पातेलं मी पुसून खाल्लं. तुझ्या पानात खीरच राहिली.