तेहतीस पायऱ्या

सोमवार, ३ मार्च

नोकरी लागली! माझ्या चिमणीला नोकरी लागली — दूरच्या शहरात, मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. पत्र तीनदा वाचून घेतलं तिच्याकडून. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी गेले तर तुमचं कसं?" तिच्या आईमागे घरात आम्ही दोघंच, त्यात माझं खुब्याचं हाड मोडलेलं. मी म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." लेकीवर कसली बळजबरी नाही केली. बापाने आणखी काय करायचं!

मंगळवार, ४ मार्च

ठरलं. ती जायच्या आत एकट्याने जिना उतरायचा! तिसरा मजला, तेहतीस पायऱ्या. ती इथल्या कामावर गेली की सराव. खालच्या न्हाव्याला तेवढं विश्वासात घेतलंय. "मास्तर, पोरीच्या कानावर तरी घाला," म्हणाला. छे! चाळीस वर्षं कोट शिवले, पण अर्धवट कपडा कधी गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडू दिला नाही. एकदा माप घेतलं की थेट तयार कोट अंगात. माझी दुकानदारीच तशी.

शुक्रवार, ७ मार्च

अकरा. घामाघूम.

बुधवार, १२ मार्च

बावीस! मी पडतोय असं वाटून न्हावी वस्तरा घेऊनच धावला, आणि त्याच्यामागे दाढीला बसलेलं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस! हसून हसून पोट दुखलं.

चिमणी मात्र दोन दिवस गप्प गप्प. भाजीत मीठच नव्हतं. जायच्या तयारीचे विचार असतील डोक्यात. विचारलं नाही — उगाच तिचा पाय अडायला नको.

शनिवार, १५ मार्च

तेहतीस! फाटकापर्यंत जाऊन आलो! उद्या सकाळी तिला खालून हाक मारणार. आज झोप लागेल तर शपथ.

रविवार, १६ मार्च

हाक मारली. खिडकीत आली, बघतच राहिली, तशीच अनवाणी धावत खाली. गळ्यात पडून रडली. मी म्हटलं, "आता बिनघोर जा."

"नोकरी नाकारली मी, बाबा. गेल्या सोमवारीच कळवलं. तुम्ही जा म्हणाला नाहीत. मला वाटलं, मी राहावं असंच तुमच्या मनात आहे."

दोघंही खालच्या पायरीवर बसलो. तुला जायचं होतं का, हे मी आज पहिल्यांदा विचारलं.

"खूप," ती म्हणाली.