फाटकावरचे आठ अंक

मी, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, अविवाहित, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा धाकटा भाऊ पहिला संशय तिथेच घेणार.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर अंगणासह माझ्या भावजयीला द्यावे. ते भावाच्या घरासमोरच आहे. लग्न झाल्यापासून ती दर रविवारी त्याच्या फाटकावरचे पितळी अंक घासते आहे. जिथे काहीच घासावे लागणार नाही अशी एक जागा तिला असावी. भावाला आत यायचे असेल तर त्याने कडी वाजवावी. दार उघडायचे की नाही ते ती ठरवील.

कलम २. त्या अंकांविषयी. ऐन पंचविशीत, एका उन्हाळी सुट्टीत, भागाकार करकरून मी ७३९३९१३३ पर्यंत पोचले. ही मूळ संख्या आहे: एक आणि ती स्वतः, याखेरीज कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही. शेवटचा अंक खोडा, उरते तीही मूळ. असे खोडत खोडत ७३९, ७३, अगदी ७ पर्यंत या. दर वेळी मूळच. उलट शेवटी कोणताही नवा अंक जोडा, ती मूळ राहत नाही. जगात ती आधी कोणाला सापडली असेल तर असो. आमच्या घरात ती मला सापडली.

भावाने ती माझ्या खांद्यावरून पाहिली, नोकरीच्या मुलाखतीत आपली म्हणून सांगितली, प्राध्यापक झाला आणि घर बांधल्यावर फाटकावर लावली. जाब विचारला तर म्हणाला, "ताई, तुला कुठे मिरवायचंय? घरातलीच गोष्ट आहे ना!" पुढे त्याच्या सत्काराला मी पहिल्या रांगेत बसले असताना तो माइकवरून म्हणाला, "आमच्या ताईला मोठे आकडे झेपत नाहीत, ती आपली पाढ्यांत रमते." सभागृह हसले. ते हसणे मी विसरलेले नाही आणि त्याला माफही केलेले नाही.

कलम ३. नकलेलाही अक्कल लागते. फाटकावर आहे ७३९३९३१३. एक आणि तीन यांची अदलाबदल झाली आहे. मला ते पहिल्याच दिवशी दिसले. दर रंगकामाला तो ते अंक आणखी मोठे करून घेत असे, म्हणून मी गप्प राहिले. त्यांना पुरते मोठे होऊ दिले.

कलम ४. माझ्या अंगणाच्या भिंतीत, त्याच्या फाटकासमोर, बरोबर संख्येचा काळा दगड बसवावा. त्याला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे अंक मोठे आहेत. खाली फक्त "ताईची" एवढेच कोरले आहे.

कलम ५. भावाचा वाटा. वकिलांनी त्याला सगळ्यांसमोर उभे करून फाटकावरच्या संख्येला सातने भागायला लावावे, तोंडी. सातचा पाढा अडला तर भावजयीने सांगावा. भाग पूर्ण जाईल आणि उत्तर १०५६२७५९ येईल. तेवढे त्याने घ्यावे. रुपये नव्हेत, नुसते उत्तर.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. सोमवार, ७ मार्च.
सही: त्याची ताई

साक्षीदार:
डॉक्टर. बाई शुद्धीवर आहेत, आनंदातही दिसल्या.
पाथरवट. अंक बाईंनी तीनदा ताडून घेतले. बरोबर आहेत.