कापसातले पांढरे चेंडू

२ ऑक्टोबर, बुधवार

नाशिकहून आत्ताच परत. सोबत अमृत होता. अमृत म्हणजे माझा साडू. धुळ्याला सिमेंटची एजन्सी आहे आणि आपण गोल्फ खेळतो असं त्याला वाटतं. आज त्याने झुडपात सापडलेला कुणाचा तरी चेंडू उचलला, पँटला पुसला आणि अठराही होल त्यावरच खेळला. चेंडूवर कुठल्याशा पतसंस्थेची जाहिरात! मी विचारलं, हा टू-पीस आहे की थ्री-पीस, म्हणजे दोन थरांचा की तीन? तर म्हणाला, गोल आहे ना, मग झालं.

गोल आहे ना. जळगावात चोवीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवतोय मी, आणि हे ऐकायचं.

तो माझ्यापेक्षा एकतीस स्ट्रोक कमी खेळला, आणि गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. योगायोग.

१५ डिसेंबरला तिथेच जोडीची स्पर्धा आहे. अमृतने मला न विचारता दोघांची नावं दिली. ठीक आहे. संकल्प: तोपर्यंत माझा चेंडू कायमचा निश्चित करायचा. स्विंगचं नंतर बघता येईल.

६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ७

बादलीत मीठ कालवलं. चेंडू तरंगला की गरकन फिरवायचा. दर वेळी तीच बाजू वर आली तर त्याचा गुरुत्वमध्य केंद्रात नाही, असा चेंडू सरळ जाऊच शकत नाही. बारापैकी चार नापास. मी पुडीवर पुडी फोडताना माझी बायको सारिका दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, एवढ्या मिठात कैऱ्या टाकल्या असत्या तर खाता तरी आल्या असत्या.

अशा घरात संशोधन करावं लागतं.

निर्णय पुढीलप्रमाणे. तीन थरांचाच. कडकच, मऊ चेंडू रिटायर लोकांसाठी असतात. चेंडूवर छापलेला आकडा तीन. यात अंधश्रद्धा नाही, तीन ही मूळ संख्या आहे. (दोन पण आहे, पण दोनला व्यक्तिमत्त्व नाही.) चेंडूवर पेनाने खूण करायची नाही. नाशिकला लोक आपापल्या चेंडूवर नावाची अक्षरं काढतात, जशी आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर घालतात. माझा चेंडू मला ओळखू येतो.

आणि रंग पांढरा. सारिका म्हणाली, पिवळा घ्या, लवकर दिसेल. पिवळा हा चेंडू नसतो. ते लिंबू.

१२ ऑक्टोबर, दसरा

धरणगावला भाऊंकडे. भाऊ म्हणजे माझे थोरले बंधू रुपचंद. शेती तेच बघतात. कापूस. गावाबाहेर आमचं एक एकर पडीक आहे, त्याच्या तिन्ही बाजूंनी कापूस आणि चौथ्या बाजूला रस्ता. जळगाव जिल्ह्यात याहून चांगली प्रॅक्टिसची जागा नाही. खरं तर दुसरी जागाच नाही.

वहिनींनी पूजेला विळा, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची चावी मांडली. मी माझी सात नंबरची आयर्न, म्हणजे गोल्फची काठी, आणि एक चेंडू ठेवला. वहिनींनी चेंडूलाही हळदकुंकू लावलं. कुंकवाने चेंडूवरच्या खळग्या भरतात आणि हवेचा सगळा प्रवाह बिघडतो. मागच्या दारी जाऊन धुऊन आणला. वहिनींनी पाहिलं. त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

दुपारी आठ चेंडू मारले. पाच कापसात. बोंडं फुटलीत, सगळं रान पांढरं. तासभर शोधून एक मिळाला.

बाकीचे हरवलेले नाहीत. शेतात आहेत.

२० ऑक्टोबर, रविवार

धरणगाव. वेचणी सुरू. वेचणाऱ्या बायकांची म्होरकी धुरपदाबाई. साठीची असेल. भाऊंच्या शेतात ती माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून येते, त्यामुळे भाऊंनाही ओरडायला कमी करत नाही. तिने ओटीतून दसऱ्याचे आणि आजचे मिळून माझे सात चेंडू काढून बांधावर मांडले आणि म्हणाली, "सर, कापूस पांढरा, तुमना गोटा बी पांढरा. कसा सापडी? पिवळा आना ना!"

दोन वेगवेगळ्या बायका, एकच अज्ञान.

मी तिला सांगितलं की पांढऱ्या चेंडूला पाचशे वर्षांची परंपरा आहे. ती म्हणाली, मग त्यांच्याकडे कापूस नसेल.

(परंपरेचा आकडा तपासून घ्यावा.)

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बारावीच्या बॅचला खळग्यांमुळे हवेचा विरोध कसा कमी होतो हे शिकवलं. उत्साहाच्या भरात माझ्या स्विंगचा व्हिडिओ दाखवला. चूक झाली. भाविका नावाची पहिल्या बाकावरची मुलगी. तिने व्हिडिओवरून वेग काढला आणि हात वर करून सांगितलं, सर, तुमच्या वेगाला कडक चेंडू दबतच नाहीये, तुम्हाला मऊ लागेल. वर्ग हसला.

गणित तपासलं. बरोबर आहे. पण तिने हवेची आर्द्रता धरली नव्हती. पुढच्या टेस्टला तिचा पेपर नीट बघणार आहे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

अमृत आणि रूपा धुळ्याहून आले. रूपा म्हणजे सारिकाची धाकटी बहीण. अमृतने दिवाळीची भेट म्हणून मला काय द्यावं? एक डझन चेंडू. मऊ. टू-पीस. पिवळे. म्हणाला, भूपेंद्रराव, स्पर्धेच्या दिवशी हेच घ्या, तुम्ही गवतात शोधण्यातच दमता. सारिका आणि रूपा माझ्याकडे न बघता चकल्या खात होत्या.

मी आभार मानले. सभ्यता आपल्याकडून सुटता कामा नये. डबा कपाटावर ठेवला. सिमेंट विकणाऱ्याला सगळंच एका पोत्यातलं वाटणार.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस नोंदवून ठेवण्यासारखा. बांधावर वेचलेल्या कापसाचा मोठा ढीग होता. मऊ, गोल, बरोबर योग्य अंतरावर. चेंडू पडला की उसळत नाही, घरंगळत नाही. असं ग्रीन, म्हणजे होलभोवतीची कातरलेली हिरवळ, जगात कुठे नाही. सहा मारले, चार थेट ढिगात! आयुष्यातली सर्वोत्तम अचूकता. चेंडूची निवड बरोबर होती हे सिद्ध झालं.

धुरपदाबाई पळत आली आणि बरंच काही बोलली. मी म्हटलं, जाताना काढून घेतो. ढिगात हात घालून एक काढलाही. पण चारला टेस्ट होती, निघालो. कापूस उद्या-परवा भरतील तेव्हा दिसतीलच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊंचा फोन. कापूस काल सरकी काढायला जिनिंगला गेला. चेंडू रोलरमध्ये अडकला, पट्टा तुटला, मशीन दिवसभर बंद. जिनिंगचे मालक शालिग्रामशेठ यांनी उरलेली गाडी उघडली, तर अजून दोन निघाले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, रुपचंदभाऊ, वजन वाढवायला लोक पाणी मारतात, दगड टाकतात, हे नवीन काय काढलंत?

भाऊंचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाले, तीस वर्षं कापूस घालतोय, असं कुणी बोललं नव्हतं.

मी विचारलं, चेंडूचं कव्हर फाटलं का? भाऊ म्हणाले, ते बघितलं नाही.

कडक रबराची काय ताकद असते बघा. पट्टा तुटला.

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रॅक्टिसला गेलो नाही. पाठ दुखते.

सारिका म्हणाली, जाऊन शेटजींना सांगून या की चेंडू तुमचे आहेत. जाणारच आहे. पण अशा गोष्टी योग्य वेळी सांगाव्या लागतात. आत्ता गेलो तर मशीनचा विषय ताजा आहे, त्यांना शास्त्रीय बाजू कळणार नाही. शिवाय जिनिंगवर माझे माजी विद्यार्थी असू शकतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

भाऊ जळगावला आले होते. चहा घेतला. शालिग्रामशेठनी पुढची गाडी घ्यायला नकार दिलाय. आधी हाताने निवडून आणा म्हणाले. घरचे सगळे आणि धुरपदाबाईच्या बायका अंगणात बसून कापूस निवडतायत. गावातले लोक येता-जाता बघतात.

भाऊ म्हणाले, मी तुझं नाव घेतलेलं नाही. तू शिकवणारा माणूस. पण एकदा येऊन सांगितलंस तर बरं होईल.

मी म्हणालो, स्पर्धा झाली की लगेच.

त्यांनी मान डोलावली, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. भाऊंना साध्या गोष्टीचं दडपण घ्यायची सवयच आहे. तीन आठवड्यांचा तर प्रश्न.

१ डिसेंबर, रविवार

धरणगावला जाणं आता थोडं अवघड वाटतं, म्हणून प्रॅक्टिस गच्चीवर. जुन्या गादीवर चेंडू मारायचा. तिसऱ्या फटक्याला पाण्याच्या टाकीवर. टाकी फुटली नाही, फक्त कलली.

सारिका दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय. बायकांना स्पर्धेचं टेन्शन समजत नाही.

८ डिसेंबर, रविवार

अंतिम निवड. तीन चेंडू. मिठाच्या पाण्यात पुन्हा तपासले, मऊ फडक्यात गुंडाळले. भाऊंचा फोन नाही. म्हणजे प्रकरण मिटलं असणार. बहुतेक गोष्टी दुर्लक्ष केलं की मिटतात, हे लोकांना का कळत नाही!

१५ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी

थोडक्यात लिहितो.

पहिला चेंडू पहिल्या होलला तळ्यात. दुसरा दुसऱ्याला कुंपणाबाहेर. ग्रहमान नव्हे, वारा. तिसऱ्या होलला तिसरा चेंडू उंच गवतात गेला. सगळ्यांनी शोधला. मला सापडला. पांढरा, आकडा तीन, माझाच. मारला. या दिवसातला एकमेव चांगला फटका.

समोरच्या जोडीतले एक रिटायर गृहस्थ म्हणाले, साहेब, तो माझा होता. मी म्हणालो, माझा चेंडू मला ओळखू येतो. ते पुढे चालत गेले, चेंडू उचलला, उलटा केला. खाली निळ्या पेनाने त्यांची अक्षरं. अगदी भांड्यावर असतात तशी.

दंड. माझा चेंडू नंतरही सापडला नाही. पिशवीत चौथा नव्हता. अमृतने त्याच्या पिशवीतून एक काढून पुढे केला. पिवळा. मी म्हणालो, मला चक्कर येतेय. उरलेले पंधरा होल तो एकटा खेळला.

परतताना मालेगावला चहाला थांबलो. मग अमृतने विचारलं, भाऊंच्या जिनिंगचं काय झालं? रूपाने त्याला सगळं सांगितलंय. मी म्हणालो, जाणार आहे. तो म्हणाला, भूपेंद्रराव, आज दुसऱ्याचा चेंडू तुम्ही बिनधास्त माझा म्हणालात. जो आहे तुमचा, तो म्हणायला दोन महिने?

एकच महिना झालाय. या माणसाला आकडे नीट सांगता येत नाहीत.

धुळ्याला त्याला सोडलं. पुढे एकटाच आलो. गाडीत रेडिओ लावला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळची बॅच रद्द केली आणि धरणगावला गेलो. आधी घरी नाही, थेट जिनिंगवर. भाऊ तिथेच होते, गाडी उतरवत होते. म्हणजे कापूस घेणं पुन्हा सुरू झालं होतं. मला ते माहीत नव्हतं.

वाटेत भाषण तयार केलं होतं. चेंडूची रचना, वजन, अपघाताची कारणं, शेवटी जबाबदारीचा स्वीकार. मी शालिग्रामशेठसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ते चेंडू माझे होते. पुढचं आठवेना.

शेटजी म्हणाले, माहितीये सर, बसा. दहा दिवसांपूर्वी धुरपदाबाई चार बायका घेऊन चालत आली होती. इथे आवारात उभं राहून तिने सांगितलं की भाऊंनी काही टाकलेलं नाही, त्यांचे मास्तर बंधू रविवारी येऊन दांड्याने गोटे मारतात. कुणाचा विश्वास बसेना. मग तिने कापूस ओढायचा दांडा घेऊन करून दाखवलं. शेटजींना सांगतानाच हसू आवरेना. त्यांनी सगळ्यांसमोर भाऊंची माफी मागितली होती. प्रकरण तेव्हाच संपलं होतं.

मी म्हणालो, बरं झालं. उठायला लागलो. पण कामगार जमले होते, वीसेक असतील. एकाने दांडा आणून हातात दिला. सर, एकदा दाखवा ना. नाही म्हणता आलं नाही. पाय रुंद केले, डोकं खाली, डावा हात सरळ, सगळं पुस्तकाप्रमाणे. फिरवला.

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातला एक म्हातारा हमाल शेजाऱ्याला म्हणाला, ती बाई जास्त चांगली करत होती.

भाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी त्यांना भाषणाचा राहिलेला भाग सांगायला सुरुवात केली. त्यांनी माझ्या शर्टाला चिकटलेला कापूस काढला आणि म्हणाले, "तू उना, बरं करं."

अर्धा तास झाला पेन घेऊन बसलोय. तू आलास, बरं केलंस. या वाक्यात काहीतरी चूक काढता येईल असं वाटलं होतं.