दातानं फोडलेली संत्री

मोर्शी, ता. १२ मार्च २०२५

ती. पार्बताबाईस,

धाकट्या जानरावचा नमस्कार. इकडं सर्व ठीक. संत्र्याच्या मृग बहाराची तोड उरकत आली. साधनाचे गुडघे बरे आहेत. भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव.

माझा ओठ भरून आला. अकोल्याच्या डॉक्टरांचं मलम संपलं. आता नुसतं व्हॅसलीन लावतो, उन्हात निघताना दुपट्टा तोंडावरून घेतो आणि ओठांवर जीभ फिरवत नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड.

त्या दिवशी डॉक्टर विचारत होते, दाताची पेस्ट बदलली का, तंबाखूचा खर्रा खाता का. मी म्हटलं, सात वर्षं झाली सोडून. तर तू मधेच, "साहेब, याले काय विचारता! हा संत्रं दातानं फोडते. बागेत दिवसभर हेच करून राहते. लहानपणी माय मारे, तरी नाही सुटलं."

मला राग आला. साल दाताखाली धरून बागेची गोडी सांगणारा या भागात मी एकटा. व्यापारी माझ्या शब्दावर बाग घेतात, आणि हे मला कोणी शिकवलेलं नाही. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "सालीचं तेल ओठाला झोंबतं, झोंबलं की तुम्ही चाटता, चाटलेलं वाळलं की ओठ आणखी फुटतो." तरी जुन्या खर्ऱ्यामुळे त्यांनी ओठाचा कण तपासायला पाठवला. काल फोन आला. रिपोर्टमध्ये काही नाही.

बाई, दवाखान्यात जाताना मी तुझ्याशी बोललो नाही, ते रागानं नव्हे. बाबांचा कॅन्सरही ओठापासूनच सुरू झाला होता. माझंही तेच, असं मी मनात पक्कं धरलं होतं, म्हणून दिवाळीपासून कुणाला दाखवलं नाही. साधनाला म्हटलं, थंडीनं फुटला. नातीला जवळ घेणं सोडलं. घरात सगळ्यांनी माझं ऐकलं. तू मात्र शिवरात्रीला आलीस, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलंस आणि म्हणालीस, "चाल, पिशवी घे."

आता फळ चाकूनं कापून चाखतो. अंदाज एकदाही चुकला नाही, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाल.

काल फोन ठेवला आणि आकांक्षाला उचलून तिचे इतके मुके घेतले, की पोरगी ओरडली, "आबाजी, दाढी टोचते!" साधना चुलीपाशी हसत होती. माझ्या मनातल्या भीतीचं तिला अजून काही सांगितलेलं नाही. आज सांगतो.

तू ओढून परत आणलेला,
जानराव